एकी का बेकी? समोरच्याचं डोकं वाचणारा बॉट पहिल्यापासून कसा बनवायचा

मे महिन्यात भाचा आलेला आमच्याकडं कोल्हापुरात, गंगावेशीत. एका संध्याकाळी लाईट गेली, मोबाईल डिस्चार्ज, मग आईनं चिंचोक्यांचा डबा काढून दिला आणि आम्ही एकी-बेकी खेळत बसलो. मुठीत चिंचोके लपवायचे, समोरच्यानं ओळखायचं एकी का बेकी, बरोबर आलं तर एक चिंचोका त्याचा. तासाभरात मी कफल्लक आणि आई मात्र नातवाला लुटत होती. तिला विचारलं कसं काय, तर म्हणाली "त्यो हरला की लगीच बदलतोय, दिसत न्हाय व्हय तुला?"

हे जे आईनं केलं ना त्यालाच गेम प्रोग्रामिंगमध्ये ऑपोनंट मॉडेलिंग म्हणतात, म्हणजे समोरचा कसा विचार करतोय त्याचं एक छोटं चित्र आपल्या प्रोग्रामनं मनात धरायचं आणि त्यावरून पुढचा डाव ठरवायचा. बरेच नवीन लोक थेट बुद्धिबळाचा बॉट, म्हणजे आपोआप खेळणारा प्रोग्राम, करायला घेतात आणि तिसऱ्या दिवशी सोडून देतात. तसं करू नका. एकी-बेकी घ्या, त्यात पर्याय दोनच आहेत त्यामुळं सगळं लक्ष समोरच्याच्या डोक्याकडं देता येतं. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा थोडीफार येत असली तरी पुरे, आणि नसली येत तरी पहिल्या तीन पायऱ्या वही-पेनावर होतात, मी स्वतः आधी वहीवरच केल्या.

नियम एवढाच धरू: माणूस लपवणार, बॉट ओळखणार, कायम.

पायरी १: आधी लुटला न जाणारा बॉट करा

हो, आधी रँडम. दरवेळी नाणं उडवल्यासारखं एकी किंवा बेकी बोलायचं, बास. हा बॉट मूर्ख वाटतो पण ह्याला जगातला कुणीच लुटू शकत नाही, कारण ह्याच्या डोक्यात वाचण्यासारखं काही नसतंच. जॉन फॉन नॉयमन ह्या गणितज्ञानं १९२८ मध्ये सिद्ध केलं की दोघांतल्या अशा खेळात, जिथं एकाचा फायदा म्हणजे दुसऱ्याचा तोटा, तिथं प्रत्येकाकडं अशी एक खेळायची पद्धत असते की समोरचा कितीही हुशार असला तरी सरासरीनं ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त नुकसान करू शकत नाही. एकी-बेकीत ती पद्धत म्हणजे निम्मं-निम्मं रँडम.

माणसाला हे जमतं का? कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे पेठेपेठेची इज्जत, त्यामुळं शाहू स्टेडियमवर पेनल्टी बघितलेल्यांना हे चटकन कळेल. पेनल्टी म्हणजे मोठी एकी-बेकीच की, मारणारा लपवतो आणि कीपर ओळखतो. इग्नासिओ पलासिओस-हुएर्ता ह्या अर्थतज्ज्ञानं २००३ च्या अभ्यासात व्यावसायिक फुटबॉलमधल्या १४१७ पेनल्ट्या तपासल्या, तर खेळाडूंनी निवडलेल्या बाजूत मागच्या वेळेचा माग जवळपास लागत नव्हता. पण ते पोटासाठी खेळणारे लोक. तुम्ही आम्ही मनानं रँडम खेळायला गेलो की गरजेपेक्षा जास्त वेळा बदलतो, सलग चार वेळा एकी ठेवायला हात धजतच नाही. तिथंच आपला बॉट कमावणार.

पायरी २: नोंद ठेवा, आणि चोरी करू नका

प्रत्येक डावाच्या तीन गोष्टी लिहा: त्यानं काय लपवलं, बॉट काय बोलला, कोण जिंकलं. सोपं वाटतंय, पण सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. माझा पहिला बॉट शंभरात सत्त्याण्णव डाव जिंकला, मी आनंदानं घरभर नाचलो, भाच्याला पार्टी कबूल केली, आणि रात्री कोड वाचताना कळलं की मी आधी भाच्याचा डाव नोंदीत टाकत होतो आणि मग त्याच नोंदीवरून अंदाज काढत होतो. म्हणजे बॉट मुठीत बघून सांगत होता की! भाचा दुपारपासून बोंबलत होता, "मामा, ह्यो बघतोय माझ्या मुठीत", आणि मी त्यालाच रडका म्हणत होतो. पार्टी द्यावीच लागली.

तर क्रम पाठ करा: आधी बॉटचा अंदाज पक्का, मग माणसाचा डाव, मग नोंद. आणि बॉट संशयास्पद चांगला खेळायला लागला की आधी बग, म्हणजे कोडमधली चूक, शोधा.

नोंद झाली की पहिला अंदाज फक्त मोजणीचा. एकी किती, बेकी किती, जे जास्त ते बोलायचं. ह्यानं फारसं हाताला लागत नाही पण पुढं तुलनेला लागेल, ठेवा बाजूला.

पायरी ३: आठ खणांची वही

आता मजा. १९५० च्या सुमाराला अमेरिकेत बेल लॅब्ज ह्या संशोधन संस्थेत डेव्हिड हॅगलबार्गर ह्यांनी असलाच खेळ खेळणारं मशीन बनवलं होतं, ते बघून तिथल्याच क्लॉड शॅनन ह्यांनी त्याहून साधं दुसरं केलं आणि १९५३ मध्ये त्यावर लिहिलं. मग तिसरं पंच मशीन मध्ये ठेवून दोघांची झुंज लावली, आणि साधंवालं जिंकलं! रिलेवर, म्हणजे विजेनं चालू-बंद होणाऱ्या बटणांवर, चालणारी मशीनं ती, आजच्या साध्या मोबाईलपुढं काहीच नाहीत, पण त्यातला विचार एवढा नेटका आहे की आजही सुरुवात तिथूनच करावी असं माझं मत आहे.

शॅननच्या मशीननं एकी-बेकी मोजलीच नाही. त्यानं बघितलं की माणूस तेच ठेवतो का बदलतो, आणि कशानंतर. वहीच्या पानावर आठ खण पाडा. प्रत्येक खणाला तीन शब्दांचं नाव: परवाच्या डावात जिंकला का हरला, त्यानंतर तेच ठेवलं का बदललं, आणि कालच्या डावात जिंकला का हरला. दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठ झाले. (परवा-काल म्हणजे मागचे दोन डाव हो, कॅलेंडर नको काढायला.)

भाच्याचंच उदाहरण घ्या. पहिल्या डावात एकी लपवली, बॉट बेकी बोलला, भाचा जिंकला. दुसऱ्यात परत एकी, ह्या वेळी बॉट एकी बोलला, भाचा हरला. म्हणजे आता आपण "जिंकला, तेच, हरला" ह्या खणात उभे आहोत. तिसऱ्या डावात त्यानं बेकी लपवली, म्हणून त्या खणात लिहा "बदल". पुढं कधीतरी परत तोच प्रसंग येईल, परत काय केलं ते लिहा. प्रत्येक खणात फक्त शेवटच्या दोन नोंदी ठेवायच्या, तिसरी आली की सगळ्यात जुनी खोडायची. आणि अंदाज कसा काढायचा, तर खणातल्या दोन्ही नोंदी सारख्या असतील तर तो तेच करणार असं धरून बोलायचं, वेगळ्या असतील किंवा खण अर्धवट असेल तर नाणं उडवायचं.

एवढंच. पहिले वीस-पंचवीस डाव काही होत नाही, खण भरत असतात, घाबरू नका. पन्नासच्या आसपास माणूस चिडायला लागतो. भाच्याच्या बाबतीत आईचं म्हणणं तंतोतंत निघालं, हरल्यावरचे चारही खण "बदल, बदल" नं भरलेले.

लोक विचारतात, दोनच डाव मागं का बघायचं, पाच बघू की, कॉम्प्युटर आहे ना. करून बघा हिशोब. एका डावात चार शक्यता, काय लपवलं ते दोन आणि निकाल दोन. तीन डाव मागं गेलं तर चौसष्ट खण, पाच डाव मागं गेलं तर १०२४. शंभर डाव खेळलात तर त्यातले नव्वद टक्क्यांहून जास्त खण कोरेच राहणार, आणि कोऱ्या खणातून कसला अंदाज? माणूस तोवर कंटाळून मिसळ खायला निघून जातो. कमी डाव असतील तर कमी आठवण, हे लक्षात ठेवा.

पायरी ४: तो तुम्हाला ओळखायला लागला तर

इथं बऱ्याच जणांचा बॉट मरतो. शॅनननी स्वतःच लिहून ठेवलंय की ज्याला मशीनचं आतलं लॉजिक माहीत आहे तो त्याला तीनास एक ह्या प्रमाणात हरवू शकतो. कसं ते नीट बघा, कारण ह्यातच ह्या विषयाचा गाभा आहे. खणात "बदल, बदल" असेल तर मशीन नक्की बदल धरणार हे मला माहीत आहे, म्हणून मी तेच ठेवतो आणि शंभर टक्के जिंकतो. आता खणात "बदल, तेच" झालं, मशीन नाणं उडवणार, तिथं निम्मी शक्यता, पण तिथं मी मुद्दाम परत तेच ठेवतो म्हणजे खण "तेच, तेच" होतो. पुढच्या वेळी मशीन तेच धरणार, मी बदलतो, परत नक्की जीत. एकदा शंभर टक्के, एकदा पन्नास, सरासरी पंचाहत्तर.

आमच्याकडं कुस्ती बघणाऱ्याला हे समजवायची गरज नाही. खासबागेत जोड लागली की पहिली काही मिनिटं नुसती खडाखडी चालते, कोण कुठला पाय पुढं ठेवतोय, हाताला हात लावल्यावर मान कुठं जातीय, दोघं एकमेकांना वाचत असतात. पण मुरलेला पैलवान तिथंच खोटी सवय दाखवतो, दोनदा पटात, म्हणजे पायांकडं, घुसायची हूल देतो, समोरचा तिसऱ्यांदा वाकला की ढाक डाव लावून मोकळा. म्हणजे तुमचं मॉडेल जेवढं ठाम तेवढं ते फसवायला सोपं.

ह्यावर दोन उपाय, दोन्ही वापरा.

एक, अंदाज आला तरी शंभर टक्के त्यावर जाऊ नका. शंभरात ऐंशी वेळा अंदाजाप्रमाणं आणि वीस वेळा उलट बोला. वरच्या डावपेचाचा हिशोब परत मांडला तर समोरच्याची नक्की जीत ऐंशी टक्क्यांवर येते आणि सरासरी पंचाहत्तरची पासष्ट होते. कमाई थोडी घटते पण झोप लागते.

दोन, अंदाज उलटा करून पण ठेवा. विचार करा: तो सवयीनं खेळतोय ही झाली पहिली लेव्हल. त्याला कळलंय की मी त्याची सवय ओळखली, म्हणून तो उलटं करतोय, ही दुसरी. मला कळलंय की त्याला कळलंय, तिसरी. हे कुठवर जायचं, डोकं फिरतं ना? पण एकी-बेकीत पर्याय दोनच, त्यामुळं तिसरी लेव्हल परत पहिल्यासारखीच येते, उलट्याचं उलट सुलट. म्हणजे प्रत्येक अंदाजाच्या फक्त दोन आवृत्त्या, सरळ आणि उलटी. दगड-कागद-कात्रीत तीन होतात.

१९९९ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात डार्स बिलिंग्ज ह्यांनी दगड-कागद-कात्रीच्या प्रोग्रामची स्पर्धा भरवली होती, एकेक सामना हजार डावांचा. जिंकला तो डॅन एग्नोरचा आयोकेन पावडर नावाचा प्रोग्राम. त्याची युक्ती हीच: समोरच्याच्या पुढच्या डावाचा एक अंदाज, त्याच्या तीन लेव्हल, आणि समोरचा माझ्याबद्दल काय अंदाज काढत असेल तोही काढायचा, त्याच्या तीन, असे सहा. त्या स्पर्धेत साधे भोळे बॉटही मुद्दाम ठेवलेले होते. निव्वळ रँडम खेळणारा अशा ठिकाणी वर येत नाही, तो कुणाकडून लुटला जात नाही पण भोळ्यांना लुटतही नाही, आणि गुण तर भोळ्यांकडूनच मिळतात. पायरी एकवर थांबू नका म्हणतो ते ह्यासाठी.

पायरी ५: सल्लागारांची पंचायत

आता तुमच्याकडं अंदाज सांगणारे बरेच झाले: नुसती मोजणी, आठ खण, आणि हवा असेल तर अजून एक, जो शेवटचे पाच-सहा डाव घेऊन असाच तुकडा मागं कुठं आला होता का ते शोधतो आणि तेव्हा पुढं काय झालं ते सांगतो. प्रत्येकाचा सरळ आणि उलटा, म्हणजे सहा सल्लागार. ऐकायचं कुणाचं?

प्रत्येकाला गुण द्या. प्रत्येक डावाला सगळ्यांनी गुपचूप अंदाज सांगायचा, बॉटनं वापरला असो वा नसो, बरोबर आला तर अधिक एक, चुकला तर उणे एक. आणि महत्त्वाचं म्हणजे नवीन गुण देण्याआधी जुन्या बेरजेला ०.९ नं गुणायचं. त्यानं काय होतं, दहा डावांपूर्वीचा गुण साधारण ०.३५ उरतो, वीस डावांपूर्वीचा ०.१२. माणूस खेळता खेळता बदलतो, सुरुवातीला सवयीनं, मग चिडून, मग डोकं लावून, आणि शेवटी कंटाळून कसंही, त्यामुळं तासाभरापूर्वीची हुशारी आत्ता धरून बसण्यात अर्थ नाही. ०.९ हा काही देवाचा आकडा नाही, ०.८ पासून ०.९५ पर्यंत फिरवून बघा. फार कमी केला तर बॉट प्रत्येक हुलीला भुलतो.

सगळ्यात जास्त गुण ज्याचे त्याचं ऐकायचं. पण त्या पहिल्याचेही गुण समजा दोनच्या वर नसतील तर कुणाचंच ऐकायचं नाही, सरळ पायरी एकचं नाणं. हे विसरू नका, तुमच्या बॉटचं घर तेच आहे, बाहेर कमाई नसली की घरी परत यायचं.

पायरी ६: खरंच जिंकतोय का नशीब?

थोडक्यात सांगतो. पन्नास डावांत तीस जिंकले म्हणून उड्या मारू नका, नुसत्या नाण्यानंसुद्धा दहात एकदा एवढं जमतं. शंभरात साठ आले तर ते नाण्याला शंभरात तीनेक वेळाच जमतं, मग थोडी कॉलर वर केली तरी चालेल. माणसाशी खेळवायच्या आधी चार पाळीव बॉटशी खेळवून घ्या: कायम एकीवाला, एक आड एक बदलणारा, हरल्यावर बदलणारा, आणि रँडम. पहिल्या तिघांना धुतलंच पाहिजे. चौथ्याशी हजार डावांत पाचशेच्या आसपास आलं पाहिजे, तिथं जर सातशे आले तर पायरी दोन परत वाचा.

मोठ्या खेळात हे कसं लागू होतं

बुद्धिबळासारख्या खेळात नेहमीची पद्धत असते मिनीमॅक्स, म्हणजे समोरचा कायम माझ्यासाठी सगळ्यात वाईट तीच चाल खेळणार असं धरायचं. १९९७ मध्ये डीप ब्लू ह्या कॉम्प्युटरनं बुद्धिबळाचा जगज्जेता कास्पारोव्हला ३.५–२.५ नं हरवलं त्याच्या मुळाशी चालींची अशीच शोधाशोध होती. चांगलं आहे, पण समोर कास्पारोव्ह नसेल तर?

फुल्ली-गोळा घ्या. दोघंही नीट खेळले तर डाव बरोबरीतच सुटतो, म्हणून मिनीमॅक्सला पहिली फुल्ली कुठंही टाकली तरी सारखीच, कोपरा काय, मध्य काय, कडेची मधली चौकट काय. पण समोर चुकणारा माणूस आहे हे धरलं की चित्र बदलतं. कोपऱ्यात फुल्ली टाकली तर समोरच्याला वाचवणारं उत्तर आठांत एकच, मधली चौकट, बाकी सातही ठिकाणी तो नीट खेळणाऱ्यापुढं हरतो. मध्ये टाकली तर चारही कोपरे त्याला वाचवतात. म्हणजे दोन्ही चाली गणितात सारख्या, पण नवख्यासमोर कोपराच. तुमच्या बॉटला एवढं शिकवलं तर "सारख्याच चांगल्या चालींतून समोरचा जिथं जास्त चुकेल ती निवड" हा नियम तयार झाला, आणि हा नियम सुरक्षित आहे कारण तो चुकला नाही तरी तुमचं काही जात नाही. माझ्या मते नवीन माणसानं एकी-बेकीनंतर लगेच हेच करावं.

माणूस कुठं चुकेल हे बुद्धिबळात पण शिकवता येतं. २०२० मध्ये आलेलं माया हे मॉडेल लीचेस ह्या ऑनलाईन बुद्धिबळाच्या साईटवरच्या माणसांच्या डावांवर शिकवलेलं आहे, ११०० ते १९०० रेटिंगसाठी वेगवेगळी नऊ मॉडेलं, आणि त्यांचं काम सगळ्यात चांगली चाल शोधणं हे नाहीच, त्या रेटिंगचा माणूस काय खेळेल ते सांगणं हे आहे.

पोकरवाले उलट्या बाजूनं गेले, आणि ते पण ध्यानात ठेवा. २०१७ च्या जानेवारीत लिब्रेटस ह्या प्रोग्रामनं चार व्यावसायिक खेळाडूंना एक लाख वीस हजार हातांमध्ये (म्हणजे पत्त्यांच्या डावांमध्ये) हरवलं. त्यानं समोरच्यांच्या सवयी वाचायचा खटाटोप केला नाही. दिवसा ते लोक ह्याच्या खेळात जी भोकं शोधायचे ती हा रात्री बुजवायचा. लुटण्यापेक्षा न लुटलं जाण्यावर सगळा भर, म्हणजे पायरी एकच पण प्रचंड मोठी करून. समोर तगडा गडी असेल तर हा रस्ता, भोळा असेल तर आठ खणांचा.

भाच्याचं पुढं काय झालं ते राहिलंच. सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात त्याला कुणीतरी शिकवलं, तो देवघरातला रुपया घेऊन बसायला लागला, प्रत्येक डावाआधी मांडीखाली उडवून छापा आला तर एकी आणि काटा आला तर बेकी. माझे सहाही सल्लागार गप्प, बॉट आपोआप नाण्यावर आला, शंभर डावांत एक्कावन्न-एकोणपन्नास. दोघंही नाणं उडवत बसलेत आणि मी बघतोय. दुसऱ्या दिवशी भाचाच कंटाळला, म्हणाला "मामा, ह्यात आता मजा न्हाय, फुल्ली-गोळा लाव." तोवर आईनं चिंचोके भाजून खायला काढले होते.